आधी तास मोजा, मग पगार

टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, निकाल लागला की वसई-विरारच्या बहुतेक घरांत धुसफूस सुरू होते. वडील म्हणतात, कुठेतरी चिकटून घे. मुलीला वाटतं, चिकटलं की संपलंच, मग नाटक गेलं, कॅमेरा गेला. एका बाजूला व्यवहार, दुसऱ्या बाजूला आवड, असे दोन तट पडतात आणि आई दोघांना जेवायला वाढत मधे उभी राहते. या भांडणातला तिसरा पक्ष मात्र घरात कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे पश्चिम रेल्वे.

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. जलद गाडी सव्वा तासाच्या आसपास पोचवते. पण विरार स्टेशनात कोणी राहत नाही आणि चर्चगेट स्टेशनात कोणाचं ऑफिस नसतं. घरापासून शेअर रिक्षा, पुलावरची रांग, दोन गाड्या सोडून तिसरीत शिरणं, उतरल्यावर पुन्हा बस. जाऊन-येऊन साडेतीन तास हा कमीत कमी अंदाज झाला. बसायला मिळावं म्हणून नालासोपाऱ्याहून आधी उलट विरारला जाणारे लोक आहेत, त्यांनी यात आणखी भर घालावी. महिन्याला कामाचे २४ दिवस धरले तर ८४ तास होतात. वर्षातून अकरा महिने धरले तर ९२४. आठ तासांचा एक दिवस या मापाने हे ११५ दिवस झाले. म्हणजे आपल्याकडचा नोकरदार वर्षाचे जवळजवळ चार महिने बिनपगारी गाडीत काम करतो.

वसई-विरारला २००९ साली महानगरपालिका मिळाली, २०१४ साली ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, त्याच्या वर्षभर आधी लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली. पदवीधराच्या नोकऱ्यांचा मोठा भाग मात्र अंधेरीच्या पलीकडेच राहिला. म्हणून पुण्याच्या किंवा दादरच्या मुलाला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. 'नोकरी कर आणि संध्याकाळी छंद जोपास' हे दादरला म्हणता येतं. इथे संध्याकाळ नायगावच्या खाडीपुलावर उभ्याने जाते. आवड आणि पोट यांत काय निवडायचं हे ठरवण्याआधी आपल्या हातात दिवसाचे किती तास उरणार आहेत ते पाहावं. माझ्या मते या भागात पगारापेक्षा महत्त्वाचा आकडा तो आहे.

आपल्याकडे आवडीच्या बाजूने बोलणाऱ्यांची दोन उदाहरणं ठरलेली असतात. पहिलं गोविंदाचं. विरारमध्ये वाढलेला, वसईच्या वर्तक महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला मुलगा १९८६ साली पडद्यावर आला आणि पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोष्ट सांगताना अर्धी गाळली जाते. त्याचे वडील अरुणकुमार आहुजा हे मेहबूब खान यांच्या १९४०च्या 'औरत'मध्ये भूमिका केलेले नट होते आणि आई निर्मला देवी नावाजलेल्या ठुमरी गायिका. घरची परिस्थिती खालावली होती हे खरं, पण हा धंदा कसा चालतो याची समज त्याला घरातूनच मिळाली होती. ही समज विकत मिळत नाही. ज्या घरात कोणी कधी सेटवर पाऊल ठेवलेलं नाही त्या घरातल्या मुलाला ती मिळवायला काही वर्षं द्यावी लागतात, आणि तेवढी वर्षं हिशोबात धरावी लागतात.

दुसरं उदाहरण पृथ्वी शॉचं. विरारहून लोकलने किट घेऊन मैदानावर जाणाऱ्या या मुलाने २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या आणि २०१८ साली पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. इथेही वडिलांनी आपला धंदा बाजूला ठेवला होता. म्हणजे एका घरातल्या दोन माणसांचं आयुष्य एका खेळावर लागलं होतं. त्याच वर्षांत त्याच डब्यातून किट घेऊन जाणारी बाकीची मुलं पुढे कुठे गेली, त्याची बातमी होत नाही. तुमच्या आवडीच्या क्षेत्राबद्दल चौकशी करताना शोध घ्यायचा तो या बाकीच्यांचा. पाच-सात वर्षं त्या वाटेने गेलेली, ना नावारूपाला आलेली ना हरलेली, साधी पोट भरणारी माणसं काय करतात आणि महिन्याला किती कमावतात हे कळलं की निम्मा निर्णय झाला.

व्यवहाराच्या बाजूचं उदाहरण यापेक्षा चांगलं आहे, आणि ते अस्सल मराठी आहे: बँकेत नोकरी आणि रात्री नाटक. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोन्ही मालिका जिंकून आणणारे अजित वाडेकर स्टेट बँकेचे नोकर होते आणि तिथेच वर चढत गेले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि टांझानियात त्यांनी वैद्यकी केली, हौशी नाटकं करत राहिले, आणि १९६९ साली 'इथे ओशाळला मृत्यू' करताना पूर्णवेळ रंगभूमीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. बहुतेक आईवडील 'आधी पोटाचं बघ' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हीच माणसं असतात, नाव घेतलं नाही तरी.

या माणसांनी काय केलं हे आपण सांगतो, पण त्यांना ते का जमलं हे विसरतो. बँकेचं कामकाज ठरलेल्या वेळी संपत असे. नोकरी कायमची होती. बँकांना, रेल्वेला, मोठ्या कंपन्यांना आपापले क्रिकेटसंघ आणि नाट्यसंघ असत. आंतरबँक एकांकिका, कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा, टाइम्स शील्ड. तालमीला किंवा सामन्याला जाणारा कर्मचारी साहेबाला नकोसा नव्हता, उलट ढाल जिंकून आणली की साहेबच फोटोत मधोमध बसत. मुख्य म्हणजे त्यांतले बरेच जण मुंबईत, तालमीच्या हॉलपासून अर्ध्या तासावर राहत होते. आज खासगी बँकेत विक्रीच्या टार्गेटवर काम करणारा विरारचा मुलगा रात्री साडेनऊला स्टेशनाबाहेर पडतो. त्याला 'अशोक सराफांनी नाही का केलं' असं सांगणं अन्यायाचं आहे. सूत्र चुकीचं नव्हतं. ज्या जातीच्या नोकरीवर ते उभं होतं ती जात दुर्मीळ झाली, एवढंच.

दुर्मीळ झाली तरी संपलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०१५पासून मध्य रेल्वेत नोकरीला होता, तिकीट तपासनीस होता, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. रेल्वे खेळाडूंच्या कोट्यातून भरती करते, पश्चिम रेल्वेही करते. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांनी प्रमाणपत्रं ट्रंकेत न ठेवता या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. खेळ नसेल तर शाळा, सहकारी बँक, महापालिका, वीज कंपनी अशा ठिकाणी अजून वेळेची काही शिस्त आहे. १९१८ साली स्थापन झालेली बॅसीन कॅथलिक बँक किंवा वसई विकास बँक यांसारख्या इथल्याच सहकारी बँकांत नोकरी लागली, तर पगार मुंबईच्या कॉर्पोरेट ऑफिसपेक्षा कमी वाटेल, पण गाडीचे तास वाचतील. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या असतात. पाळी वाईट म्हणून आपण नाक मुरडतो, पण सकाळची पाळी करणाऱ्याला दुपार मोकळी मिळते, हा लाभ चर्चगेटवाल्याला नाही.

एक हिशोब मांडून बघू. समजा, लोअर परळला २८,००० रुपयांची नोकरी आहे आणि वसई पूर्वेला वालीव किंवा सातिवलीच्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात २१,०००ची. फरक ७,००० रुपये. लोअर परळच्या प्रवासात महिन्याला ८४ तास जातात, वालीवच्या साधारण २४. म्हणजे ६० तासांसाठी ७,००० रुपये मिळतात, तासाला सव्वाशेच्याही आत. त्यातून पास आणि बाहेरचं खाणं वजा करा. आता स्वतःला विचारा, हे ६० तास मला दिले तर मी त्यांचं काय करीन? रियाज, शिकवण्या, एखादा कोर्स, लोकांची छोटी डिझाइनची कामं असं काही ठाम उत्तर असेल तर वालीवची नोकरी स्वस्त नाही. उत्तर 'मोबाईल बघीन' असं असेल तर मुकाट लोअर परळ धरावं, निदान पगार वाढेल.

अर्थात पहिल्या नोकरीत पैसा आणि वेळ यांखेरीज तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे काय शिकायला मिळतं. लहान कारखान्याच्या ऑफिसात खरेदी, जीएसटी, माल रवाना करणं, थकलेले पैसे मागणं, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. उद्या स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. मोठ्या कंपनीत एकच काम दोन वर्षं करावं लागतं, पण तिचं नाव बायोडेटावर चालतं आणि ओळखी होतात. चित्रपट, जाहिरात, प्रकाशन यांत जायचं असेल तर ओळखी मुंबईतच होणार. तेव्हा गाडी टाळणं हे ध्येय समजू नका. गाडीची किंमत किती आहे आणि तिच्या बदल्यात काय मिळतंय, एवढं पाहा. दोन वर्षं गाडी सोसून काम शिकून घ्यायचं आणि मग जवळ यायचं, हाही चांगला बेत आहे.

मुलाखतीत लाजू नका. प्रत्यक्षात किती वाजता निघतात, शनिवार असतो का, पाळी बदलते का, हे विचारा. साहेब गोलमोल बोलले तर ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा, तिथे खरं उत्तर मिळतं. नेमणुकीच्या पत्रात 'इतर कोणतंही काम करणार नाही' असं कलम असतं ते वाचा, कारण बाहेर फोटोग्राफी किंवा शिकवण्या करायचा बेत त्या कलमाने अडू शकतो. बॉण्ड किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, हेही पाहा. मूळ गुणपत्रिका कोणी ठेवून घेत असेल तर देऊ नका, प्रती द्या.

आता एक अप्रिय गोष्ट. आपण ज्याला व्यवहार म्हणतो त्यातलं बरंच व्यवहारी नसतं. स्पर्धा परीक्षांचं घ्या. मुलगा नाटकात जातो म्हटलं की घर हादरतं, यूपीएससी करतो म्हटलं की अभ्यासाला वेगळी खोली मिळते. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज होते, पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार बसले आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. एवढा धोका तर नाटकातही नाही. नाटकात निदान प्रयोगाचा हातखर्च तरी मिळतो. खुल्या गटाला यूपीएससीत ३२ वर्षांची मर्यादा आणि सहा संधी आहेत. एमपीएससीत वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत जाते. मर्यादा मोठी आहे म्हणूनच माणूस तिथे अडकतो. पुण्यातल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली मुलं कमी नाहीत. परीक्षा द्यायचीच असेल तर तीही आवडच समजा आणि आवडीला लावता ते सगळे नियम तिला लावा. वर्षं ठरवा, खर्च ठरवा, आणि दुसऱ्या संधीनंतर पूर्वपरीक्षेच्या किती जवळ पोचलात ते गुणांत बघा. तोपर्यंत अर्धवेळ का होईना, कमावत राहा.

आवडीला लावायचे नियम कोणते? पहिला असा की मागच्या दोन वर्षांत तुम्ही काय केलंत ते बघायचं. कोणी सांगितलं नसताना, मार्क मिळणार नसताना. नाटकाची आवड असलेल्या मुलीने कॉलेजच्या एकांकिकेला प्रकाशयोजना केली असेल, डिसेंबरअखेर चिमाजी अप्पा मैदानावर होणाऱ्या कला-क्रीडा महोत्सवात भाग घेतला असेल, दुसऱ्यांच्या तालमीत प्रॉम्प्टिंग केलं असेल. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशाच्या अटींतसुद्धा पदवीबरोबर किमान सहा नाट्यनिर्मितींतला सहभाग मागितला जातो. 'मला फार आवड आहे' या वाक्याला तिथे किंमत नाही. दोन वर्षांत काहीच केलं नसेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कदाचित ती आवड नसेल, नोकरीचा कंटाळा असेल. कंटाळ्यावर करिअर उभं राहत नाही.

दुसरा नियम मी जास्त महत्त्वाचा मानतो: त्या कामाचा कंटाळवाणा भाग आधी करून बघा. फोटोग्राफी म्हणजे कॅमेरा हे कॉलेजात असेपर्यंत. वसईत लग्नाचे फोटो काढून पोट भरायचं तर वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावावं लागतं. ख्रिस्ती लग्नं आगमनकाळात आणि उपवासकाळात होत नाहीत, नाताळनंतर आणि ईस्टरनंतर झुंबड उडते. हिंदू लग्नं चातुर्मासात थांबतात. जून ते ऑक्टोबर हात जवळजवळ रिकामे आणि मे महिन्यात एका दिवशी तीन बोलावणी. एकट्याने तीन ठिकाणी जाता येत नाही, म्हणून दोन पोरं हाताखाली हवीत आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. तुमचे पैसे अल्बम दिल्यावर, म्हणजे कधी कधी बारशाला. रात्र-रात्र संगणकावर बसून दोन हजार फोटोंतून तीनशे निवडायचे, नवरीच्या मावशीचा राहिला म्हणून शिव्या खायच्या. हे सगळं एक हंगाम कोणाच्या तरी हाताखाली करा. त्यानंतरही कॅमेरा उचलावासा वाटला तर प्रश्न मिटला.

पडद्यामागच्या कामाला तर फार दूर जायला नको. नायगाव पूर्वेकडे मालिकांचे सेट आहेत. संकलन, ध्वनी, कला विभाग, वेशभूषा यांत मदतनीस म्हणून शिरता येतं. पण बारा तासांची शिफ्ट असते आणि मालिकांच्या धंद्यात पैसे ९० दिवसांनी देण्याची पद्धत रुळलेली आहे. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचा रिक्षा-जेवणाचा खर्च खिशात घेऊनच या कामाला उभं राहायचं असतं. हे कोणी सांगत नाही आणि पहिल्याच महिन्यात मुलं पळून येतात. मग घरचे म्हणतात, बघ, तुझी आवड एवढीच. ती आवड कमी पडली नव्हती, पंधरा-वीस हजार रुपये कमी पडले होते.

मुलींच्या बाबतीत या हिशोबात आणखी एक ओळ घालावी लागते. नोकरीवरून आठला घरी पोचलेला मुलगा नऊला गिटार घेऊन बसू शकतो. मुलगी पोळ्या लाटायला उभी राहते. 'जवळची नोकरी बघ' हा सल्ला तिला देताना अनेकदा तिच्या आवडीचा विचार नसतो, घरकामाच्या सोयीचा असतो. तेव्हा प्रवासाचे वाचलेले ६० तास कोणाच्या खात्यात जमा होणार हे नोकरी घेण्याआधीच घरात बोलून घ्यावं. रात्री उशिरा संपणाऱ्या कामाला घरचे नाही म्हणतील, तर त्याचं उत्तर वाद घालून मिळत नाही. शेवटची गाडी कोणती, स्टेशनवरून कोण आणणार, सेटची गाडी घरापर्यंत सोडते का, अशी ठोस माहिती समोर ठेवली की नकार बऱ्याचदा विरघळतो.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात सगळं उलटं होतं. गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, आगाशी या बाजूला मुलाला वाडीत काम करावंसं वाटतं आणि बापच म्हणतो, यात काही नाही, ऑफिसात जा. इथे शेती हीच अव्यवहारी आवड ठरली आहे. जमीन विकली तर किती येतील हा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असतो, वाडीचं वर्षाचं उत्पन्न किती हे मात्र विचारावं लागतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने हा पट्टा वाचवण्यासाठी लढा दिला. पण आंदोलनाने वाडी वाचते, चालवायला उत्पन्नच लागतं. सोनचाफा, मोगरा पहाटेच्या गाडीने दादरला नेणाऱ्या घरांना ते चांगलं ठाऊक आहे.

अशा मुलांनी पदवी झाल्यावर वर्षभर वाडीची वही ठेवावी. कोणत्या पिकाला किती मजूर, किती पाणी, दादरला भाव काय मिळाला, दलालाने काय कापलं. डहाणूजवळच्या कोसबाडला १९७६पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे फळबाग, रोपवाटिका, भाजीपाला यांचं प्रशिक्षण मिळतं. रोपवाटिका आणि फुलं यांत जमिनीचा लहान तुकडाही काम देतो, आणि मागणी शेजारीच, दर वर्षी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींत आहे. बीकॉम झालेल्या मुलाचं शिक्षण इथे वाया जात नाही, उलट वाडीला आजवर हिशोबनीसच नव्हता. कोळीवाड्यातल्या मुलांचं असंच. बोटीवर जायचं नसेल तरी बर्फ, साठवण, विक्री, निर्यात या सगळ्या कड्या आहेत, आणि मत्स्यविज्ञानात पुढे शिकायचं तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था लोकलच्याच वाटेवर आहे.

पैशाची गोष्ट थोडक्यात. आवडीसाठी वेळ घ्यायचा तर सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च आधी बाजूला पाहिजे, आणि घरच्या हप्त्यात तुमचा वाटा असेल तर तोही. भाडं नसलेल्या, वाडीतली भाजी खाणाऱ्या घरातल्या मुलाला जो धोका पेलतो तो नालासोपाऱ्यात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या घरातल्या मुलाला पेलेलच असं नाही. मित्राने नोकरी सोडली म्हणून आपण सोडू नये. अनुभव हवा असेल तर राज्य सरकारची २०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. तिच्यात पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. चौकशी पालघरच्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात करावी. ती कायम नोकरी नव्हे, हे समजून जावं.

आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या कोर्सपासून जपून. अॅनिमेशन, विमानसेवा, डिजिटल मार्केटिंग, अभिनय, सगळ्यांचे फलक स्टेशनबाहेर आहेत. फी भरण्यापूर्वी दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या पाच जणांशी बोलायला मागा. संस्थेने निवडून दिलेल्या पाच जणांशी नव्हे, तुम्ही शोधलेल्या. कोर्सवाल्याने टेबलावरच कर्जाचा फॉर्म पुढे केला तर उठून या. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला वेळ लागतो, कागद लागतात, पण साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही आणि हप्ता शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो. शिवाय ज्या कोर्सला बँक कर्ज देत नाही तो कोर्स बँकेला का पटला नाही, याचा विचार फुकटात होतो.

राहिले आईवडील. त्यांच्याशी स्वप्नांच्या भाषेत बोलू नका. त्यांच्या वयाच्या बहुतेकांनी वीस-पंचवीस वर्षं हीच लोकल ओढली आहे, स्वप्न म्हटलं की त्यांना मुलगा रुळावरून घसरताना दिसतो. एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: मी काय करणार, तोवर महिन्याला घरात किती देणार, किती महिने, आणि नाही जमलं तर कुठे परतणार. चौथी ओळ लिहिताना हात अडखळतो, पण घरच्यांना तीच वाचायची असते. बीएड, एमकॉम, लेखापालाची नोकरी, काहीही असो, वयाची अट बघून लिहा. मग कागदावर तारीख घाला. त्या तारखेला बसून बघायचं की किती काम मिळालं, त्यातलं किती ओळखीशिवाय मिळालं आणि किती पैसे प्रत्यक्ष हातात आले. कौतुक मोजायचं नाही.

मुदत वर्ष ते दीड वर्ष पुरे. त्याहून कमी दिली तर फोटोवाल्याचा एक हंगामही पुरा होत नाही, त्याहून जास्त दिली तर परत फिरायला जड जातं. फक्त तारीख जुलैतली धरू नका. जुलैत रूळ पाण्याखाली असतात, कॅमेरे कपाटात असतात, आणि तीन तास वसई रोडला अडकून घरी आलेल्या बापासमोर कोणीही कसलाही कागद ठेवू नये.